नव्या हॉरर-फँटसी कादंबऱ्या : परीक्षणात तुम्हाला नक्की काय हवं असतं?

कंदीलवाला · ९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:५२

मंडळी, या वर्षी हॉरर आणि फँटसीत वाचण्याजोगं बरंच आलंय. कुठलंही पुस्तक घेण्याआधी मी दोन-चार परीक्षणं चाळतो. हाती काय लागतं? 'खिळवून ठेवणारी', 'अंगावर काटा आणणारी', 'शेवटच्या पानापर्यंत उत्कंठा'. ही लेबलं कुठल्याही पुस्तकाला चिकटतात. घ्यायचं की नाही, ते मात्र कळत नाही. म्हणून नमुन्यादाखल एक मीच लिहितो. फाडा खुशाल.

स्टीफन ग्रॅहम जोन्स, 'द बफेलो हंटर हंटर', मार्च २०२५. लेखक स्वतः ब्लॅकफीट या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचा. २०१२ साली एका जुन्या इमारतीच्या भिंतीत एक रोजनिशी सापडते आणि एट्सी ब्युकार्न नावाच्या प्राध्यापिकेकडे येते. नोकरी पक्की व्हायची तर तिला काहीतरी छापून आणणं भाग आहे. रोजनिशी तिच्याच पूर्वजाची : आर्थर ब्युकार्न, मोंटानातला लूथरन पाद्री, साल १९१२. या पाद्र्याच्या चर्चमध्ये गुड स्टॅब नावाचा ब्लॅकफीट माणूस येऊन बसू लागतो आणि आपली कहाणी सांगू लागतो. त्याला मरण नाही, तो व्हॅम्पायर आहे. या सगळ्याच्या मुळाशी आहे २३ जानेवारी १८७०. त्या दिवशी मरायस नदीकाठी अमेरिकन सैन्याने ब्लॅकफीटांच्या तळावर गोळीबार केला. सैन्याच्याच हिशेबाने १७३ माणसं मेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. हा भाग लेखकाच्या डोक्यातून आलेला नाही, घडलेला आहे.

आता व्हॅम्पायरचा नियम. तो ज्याचं रक्त पितो, हळूहळू तसाच होत जातो. जनावरांचं प्यायला तर जनावर, गोऱ्यांचं प्यायला तर तोंडावर दाढी. म्हणजे ब्लॅकफीट राहायचं असेल तर कोणाचं प्यायचं, ते समजून घ्या. इतका निर्दय नियम मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

खटकलं ते : सुरुवातीची साठ-सत्तर पानं चढण आहे. गुड स्टॅब जनावरांना, बंदुकांना, गोऱ्यांना आपल्याच नावांनी बोलतो आणि मागे शब्दांची यादी दिलेली नाही. शेवटचा २०१२ चा भाग मला उपरा वाटला. दचकलो एकदाही नाही. पण माळावर सोलून टाकलेल्या प्रेतांचं जे वर्णन आहे, त्यानंतर जेवण गेलं नाही.

तर प्रश्न असा, की अशा पुस्तकाबद्दल तुम्हाला आधी काय कळायला हवं असतं आणि काय अजिबात नको असतं?

बोरकूट · रात्री ११:०१

जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो. उद्या लिहितो.

मुक्काम_डोंबिवली · रात्री ११:१५

कंदीलभाऊ, लिहिलंय छान, पण रक्ताचा नियम कशाला फोडलात? ते मला गुड स्टॅबच्या तोंडून कळायला हवं होतं. माझं म्हणणं साधं आहे. हॉररच्या परीक्षणात फक्त पहिल्या वीस पानांतलं सांगावं. त्यापुढचं सगळं वाचणाऱ्याचं.

शेवंता७७ · रात्री ११:३३

डोंबिवली, नाही पटलं. व्हॅम्पायर म्हटलं की आम्हाला सुळे, लसूण आणि शवपेटी आठवते, नि तेवढ्यावरच आम्ही पुस्तक बाजूला ठेवतो. हा नियम सांगितला नसता तर मी 'आणखी एक व्हॅम्पायर' म्हणून सोडून दिलं असतं. नियम सांगणं आणि त्या नियमाने कोणाचं काय झालं ते सांगणं, यात फरक आहे की नाही? कंदीलवाल्यांनी दुसरं सांगितलेलं नाही.

खिडकीतली_मांजर · रात्री ११:३५

माझा प्रश्न नेहमीचाच. मांजर मरतं का?

कंदीलवाला · रात्री ११:४८

@मांजर, बायसन मरतात, मोजता येणार नाहीत इतके. कातड्यासाठी मारून तसेच सोडलेले. कुठलाही प्राणी मेलेला चालत नसेल तर हे पुस्तक तुमच्यासाठी नाही.

@डोंबिवली, वीस पानांचा नियम या पुस्तकाला लावला तर मी फक्त नोकरीच्या काळजीतल्या प्राध्यापिकेबद्दल लिहू शकलो असतो. कोण घेईल?

खिडकीतली_मांजर · रात्री ११:५०

धन्यवाद. यादीतून काढलं. बघा, एका ओळीत काम झालं.

वऱ्हाडी_ठेचा · १० नोव्हेंबर, सकाळी ७:२०

कंदीलभाऊ, मले एवढंच सांगा, हसू येते का? मी सध्या जो ॲबरक्रॉम्बीचं 'द डेव्हिल्स' वाचून राह्यलो. मे २०२५ चं. दहा वर्षांची पोरगी पोप आहे म्हणजे पाहा! बिचाऱ्या ब्रदर डियाझच्या गळ्यात एक टोळी बांधली : एक मांत्रिक, एक म्हातारा व्हॅम्पायर सरदार, एक लांडगीण बाई, एक न मरणारा शिपाई. ह्यायनी एका चोरट्या पोरीले ट्रॉयच्या गादीवर नेऊन बसवाचं. शिव्या अशा का विचारू नका. बसमध्ये वाचत होतो तं बाजूचा माणूस उठून दुसऱ्या सीटवर गेला. परीक्षणं म्हणतात 'डार्क'. अरे, हसवते हे कोणीच काहून नाही सांगत?

खोट एकच. मारामाऱ्या लय. दर मुक्कामाले कोणीतरी नवा दुश्मन येते, यायले मारते, हे उठून पुढं चालते. मधले शंभर पानं कमी असते तं चाललं असतं.

पानगळ · १० नोव्हेंबर, सकाळी ८:०५ (इथे रात्र आहे)

न्यू जर्सीहून. परीक्षण कोणासाठी लिहिलंय, हे आधी लिहा, ही माझी विनंती. जानेवारीत रेबेका यारॉसचं 'ऑनिक्स स्टॉर्म', ड्रॅगनस्वारांची प्रेमकथा, आलं त्या रात्री मी लेकीबरोबर पुस्तकांच्या दुकानाबाहेर थंडीत रांगेत उभी होते. बारा वाजता दारं उघडली तेव्हा पोरी अक्षरशः धावल्या. पहिल्या आठवड्यात २७ लाख प्रती खपल्या त्या पुस्तकाच्या. दुसऱ्या दिवशी एका नामवंत परीक्षकाचं वाचलं. त्यातली राज्यव्यवस्था पोकळ आहे, भाषा सपाट आहे वगैरे वगैरे. खरंच आहे ते. पण रांगेतल्या एकीलाही राज्यव्यवस्थेशी देणंघेणं नव्हतं. त्यांना व्हायोलेट आणि झेडन या जोडीचं पुढे काय होतं ते हवं होतं, आणि पाच भागांच्या मालिकेतला हा तिसरा असल्यामुळे पुस्तक कुठल्या वळणावर थांबतं, एवढंच.

मुक्काम_डोंबिवली · सकाळी ९:१२

ड्रॅगन कमी आणि चुंबनं जास्त. याला फँटसी म्हणायचं?

पोथीनिष्ठ · सकाळी ९:४०

डोंबिवलीकर, जरा मागे वळून पाहा. १८६१ ची 'मुक्तामाला' घ्या, नाहीतर नाथमाधवांचा 'वीरधवल'. भुयारं, कारस्थानं, वेषांतरं, आणि मधोमध कोण? नायक-नायिका. आपली अद्भुतरम्य कादंबरी प्रेमावरच उभी राहिली. आपल्या आज्या ती दुपारी माजघरात वाचत असत आणि आजोबा मंडळी 'काय ही थोतांडं' म्हणून नाकं मुरडत. नाक मुरडण्याची परंपराही तितकीच जुनी आहे, तेव्हा तुम्ही एकटे नाही. हलकेच घ्या.

थिसिसग्रस्त · सकाळी ११:०३

जाता जाता, 'कॅटाबेसिस' कोणी वाचलं का? आर. एफ. क्वांग, ऑगस्ट २०२५. केंब्रिजमध्ये जादूत पीएचडी करणारे दोघं विद्यार्थी, ॲलिस आणि पीटर, मेलेल्या गाइडला परत आणायला नरकात जातात. कारण काय, तर त्याच्या शिफारसपत्राशिवाय पुढे नोकरी नाही! आत जायची फी म्हणजे उरलेलं अर्धं आयुष्य. माझ्या लॅबमध्ये आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि 'परवडतंय की' म्हणालो.

हे पुस्तक हॉरर म्हणून विकलं जात नाही, पण गाइड खोलीत आला की ॲलिसचे खांदे कसे आक्रसतात ते वाचताना मला जी भीती वाटली, ती कुठल्याही भुताने वाटलेली नाही. उलट नरकातली हाडांची जनावरं वगैरे आली की मी निवांत होत होतो.

तक्रारही आहे. मध्येमध्ये तर्कशास्त्राचे तास लागतात. विरोधाभासांची कोडी, त्यावर अर्धं पान, मग पुन्हा चालणं. ज्याला ते आवडतं त्याला मेजवानी. माझ्या बहिणीने तिसऱ्या प्रकरणात सोडलं, आणि ती चूक आहे असं मी म्हणणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा · सकाळी ११:१०

गाइडले परत आनाले नरकात? मी तं सही करून तिथंच ठेवाले गेलो असतो.

बोरकूट · सकाळी ११:१४

ठेचाभाऊ, दंडवत.

ड्यूटीरात्र · दुपारी २:३०

नेहमी वाचनमात्र असते, पण या विषयावर लिहायचंच आहे. मी सरकारी दवाखान्यात लेबर रूमला नर्स आहे.

ग्रेडी हेंड्रिक्सचं 'विचक्राफ्ट फॉर वेवर्ड गर्ल्स' (जानेवारी २०२५) मला मैत्रिणीने दिलं. मुखपृष्ठावरून वाटलं, चेटकिणींची गंमत असेल. गोष्ट १९७० ची, फ्लोरिडातली. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना घरचे गुपचूप एका आश्रमात आणून सोडतात. तिथे त्यांची खरी नावं काढून घेतात आणि झाडाफुलांची देतात. नायिका पंधरा वर्षांची, तिचं नाव ठेवलंय फर्न. फिरत्या वाचनालयाची बाई तिला जादूटोण्याचं एक पुस्तक देते, तिथून पुढे मंत्रतंत्र.

बाळंतपणाचे प्रसंग त्यात बारीकसारीक तपशिलांसकट आहेत. त्या पोरीला आपल्या अंगाचं काय होतंय हे कोणी नीट सांगत नाही. मी रोज हे काम करते, तरी एकदा पुस्तक खाली ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले. कारण पंधरा-सोळाच्या मुली माझ्याही टेबलावर येतात. कळ आली की त्या आधी आईकडे बघतात, आणि आई भिंतीकडे बघत असते.

माझी मैत्रीण तेव्हा स्वतः सातव्या महिन्यात होती. तिने अर्धं वाचून मला दिलं आणि पुढे महिनाभर झोप उडाली म्हणाली. एका परीक्षणात एक ओळ असती, 'यात बाळंतपणाची तपशीलवार वर्णनं आहेत', तर तिने ते नंतर वाचलं असतं. मांजरताईंच्या प्रश्नाला लोक हसतात, पण तो प्रश्न बरोबर आहे.

मुक्काम_डोंबिवली · दुपारी ३:०५

ड्यूटीरात्र, तुमचा मुद्दा मान्य. पण सगळ्याचीच सूचना आधी मिळू लागली तर हॉररमध्ये उरतं काय? लहान मूल मरणार, हे माहीत असलं की मी पुस्तकभर त्या मुलाकडेच बघत बसतो.

शेवंता७७ · दुपारी ३:२०

म्हणून ती ओळ अगदी शेवटी लिहावी, 'सूचना' असं वेगळं करून. ज्याला हवी तो खाली जाऊन वाचेल. आणि 'मूल मरतं' असं नाही, 'लहान मुलांवर संकटं आहेत' एवढंच. यात कोणाचं काय बिघडलं?

ड्यूटीरात्र · दुपारी ३:४१

एवढंच हवं होतं. बाकी पुस्तक चांगलंच आहे, हे सांगायचं राहिलं. चेटकिणी मात्र अपेक्षेपेक्षा कमी आहेत. त्यासाठी घेणार असाल तर हिरमोड होईल.

पोथीनिष्ठ · सायंकाळी ५:५५

परीक्षणात आणखी एक गोष्ट सक्तीची असावी. पुस्तक कशावरून घेतलंय ते. यंदा नारायण धारपांची जन्मशताब्दी. जिकडेतिकडे गौरवलेख आले, आणि निम्म्यांत 'लुचाई' ही मराठीतली अस्सल भयकादंबरी वगैरे. अहो, ती स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'वरून आहे. 'तुंबाड' चित्रपटामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे, हे सगळे अभिमानाने सांगतात, आणि त्या आजीमागे किंगची 'ग्रॅमा' ही कथा आहे, हे सांगताना आवाज खाली जातो. धारप मोठे होतेच. पण परीक्षकाने ऋण लपवू नये.

शेवंता७७ · सायंकाळी ६:३०

पोथीनिष्ठ, ऋण सांगा, पण त्यापुढचंही सांगा ना. मी साताऱ्यात वाढले. किंगचं इंग्रजी पुस्तक तिथे मिळणार कुठून आणि मिळालं तरी मला कळणार काय? नगरवाचनालयातल्या 'लुचाई'ची पाठीमागची पानं सुटून दोऱ्याने शिवलेली होती आणि आत कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'एकट्याने वाचू नये. वाचल्यास मी जबाबदार नाही.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'मीही नाही.' हे रूपांतराचं यश नाही तर काय? परदेशातली भीती त्यांनी आपल्या वाड्यात, आपल्या बोलण्यात, आपल्या संध्याकाळच्या वेळेत आणून बसवली. नुसती नावं बदलून हे होत नाही. परीक्षकाने दोन्ही पुस्तकं समोर ठेवून काय हललं आणि काय टिकलं ते लिहावं. 'चोरी' किंवा 'अस्सल' असा शिक्का मारून मोकळं होणं म्हणजे आळस.

पोथीनिष्ठ · सायंकाळी ६:४४

पेन्सिलवाल्यांपुढे मी शरण. मात्र रत्नाकर मतकरींनी आपल्या गोष्टींना भूतकथा न म्हणता गूढकथा म्हटलं, त्यात मला जास्त प्रामाणिकपणा दिसतो. भूत आहे की माणसाच्या मनाचा खेळ, हे ते उघडं ठेवतात. 'खेकडा' कोणी पुन्हा वाचली का अलीकडे?

बोरकूट · सायंकाळी ६:५०

वाचली. ज्यांनी लहानपणी मतकरींची 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण पाहून टाळ्या वाजवल्या, त्यांना मोठेपणी त्याच माणसाने 'खेकडा' दिली. हा विश्वासघात आहे, असं माझं अनेक वर्षांपासूनचं म्हणणं आहे.

म्हापशेकर · रात्री ८:१०

उशिरा आलो. सिल्व्हिया मोरेनो-गार्सियाचं 'द बिविचिंग' (जुलै २०२५) नुकतंच संपवलं. तीन काळ : १९०८ चं मेक्सिकोतलं शेतघर, १९३४ आणि १९९८ चं मॅसॅच्युसेट्समधलं कॉलेज. १९९८ मधली मिनर्व्हा भयकथांवर प्रबंध लिहितेय आणि पणजीकडून ऐकलेल्या चेटकिणीच्या गोष्टी तिच्या डोक्यात आहेत. १९०८ चा भाग सोन्यासारखा. मधला १९३४ चा मात्र लांबलाय. आणि दोषी कोण ते मला फार लवकर कळलं. कोण ते सांगत नाही, डोंबिवलीकर शांत राहा.

वाचताना सारखं वाटत होतं, आमच्याकडे असं लिहिताना लोकांचं बिनसतं कुठे? आमच्या गावच्या शिमेवर देवचार आहे. वर्षाला त्याला रोट, सोरो (दारू) नि विडी ठेवतात. रात्री वाट चुकलेल्याला तो हातात दांडा घेऊन घरापर्यंत पोचवतो, असं आजी सांगायची. म्हणजे तो राखणदार. तुम्ही हद्द मोडली, दिलेला शब्द पाळला नाही, तर मग तो बघून घेतो. आता एखाद्या कादंबरीत देवचार लाल डोळे करून पाहुण्यांच्या मानगुटीवर बसतो असं आलं, की मला कळतं, लिहिणारा गोव्यात फक्त बीचवर आला होता. परीक्षकांना हे दिसतच नाही. ते लिहितात, 'लोककथांचा प्रभावी वापर'.

वऱ्हाडी_ठेचा · रात्री ८:३२

सही बोलले म्हापशेकर. 'मुंज्या' पिक्चर आला तवा आमच्याकडंही पोट्टे पिंपळाखाली सेल्फी काढाले जात. त्याच्या आधी आमची माय पिंपळाखालून जाताना आवाजसुद्धा खाली करे. लहानपणी हाकामारीची अफवा उठली होती. रात्री ओळखीच्या आवाजात दारावरून हाक येते, ओ दिली का खल्लास. गल्लीतल्या समद्या दारायवर फुल्या. आमचा बाप पोस्टात होता, रात्री उशिरा घरी आला अन् बाहेरून हाका मारून राह्यला. आत आम्ही समदे जागे, पण ओ कोण देते? अर्धा तास बाहेर उभा होता मानूस.

खिडकीतली_मांजर · रात्री ८:३५

ठेचाभाऊ, हसून हसून डोळ्यांत पाणी. शेवटी उघडलं कसं?

वऱ्हाडी_ठेचा · रात्री ८:४१

त्यानं मायले माहेरावरून शिवी घातली. माय म्हणे, हे भूत नाही, हे आपलंच हाय.

शेवंता७७ · रात्री ८:५०

म्हापशेकर, हृषीकेश गुप्ते वाचलेत का? त्यांचं 'हाकामारी' नावाचंच पुस्तक आहे, ठेचाभाऊंनी घ्यावं. 'अंधारवारी', 'घनगर्द' या उघडपणे भयाच्या वाटेवरच्या. 'दंशकाल'वर भयकादंबरीचं लेबल लावलं तर काही जण भांडतील, पण एकाच घरात राहणारी माणसं एकमेकांना किती घाबरून असतात, हे त्यात ज्या तऱ्हेने येतं ते मला तरी हॉररच वाटतं. तुम्ही म्हणता तो बीचवरचा पाहुणेपणा त्यांच्यात नाही. कोकण आतून माहीत आहे.

म्हापशेकर · रात्री ९:०२

'घनगर्द' वाचलंय, 'दंशकाल' नाही. लगेच घेतो.

संपादक · रात्री ९:१५

गजाली छान चालल्यात, पण मूळ प्रश्नाकडे थोडं वळावं. भुतांच्या अनुभवांसाठी वेगळा धागा आहे.

थिसिसग्रस्त · रात्री १०:२०

वळतो. परीक्षणात मला दोन गोष्टी हव्यात. एक, लिहिणारा कशाला घाबरतो. कंदीलवाले प्रेतांच्या वर्णनाने हलतात, मी गाइडने. एखाद्याला बंद खोली पुरते, एखादा आतडी बाहेर आली तरी चहा पीत वाचतो. परीक्षकाची भीती माहीत नसेल तर त्याच्या 'भयंकर' या शब्दाचा मला काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट फँटसीपुरती. पुस्तक एकटं आहे की मालिकेतलं, आणि मालिका पुरी होण्याची शक्यता किती. सँडरसनचं 'विंड अँड ट्रुथ' डिसेंबर २०२४ मध्ये आलं, तेराशेच्या वर पानं, आणि ते ठरवलेल्या दहापैकी पाचवं. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिनसाहेबांचा पाचवा भाग २०११ चा, सहाव्याची वाट आम्ही शाळेपासून बघतोय.

बोरकूट · रात्री १०:२६

मालिका आधी संपते की माझं गृहकर्ज, अशी घरात पैज लागली आहे. सध्या कर्ज पुढे आहे.

कावळ्याची_शाळा · रात्री ११:४०

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. मी वाचनालय चालवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे. वाचक काउंटरवर येऊन विचारतात, 'काहीतरी भीतीदायक द्या'. मी त्यांना उलट विचारते, 'किती दिवस?' कारण काही पुस्तकं त्या रात्रीपुरती असतात. दार वाजलं, दचकलात, संपलं. आणि काही पुढे कित्येक दिवस अंगात राहतात.

मारियाना एन्रिकेझचं 'आवर शेअर ऑफ नाइट' दुसऱ्या प्रकारातलं. मूळ स्पॅनिश २०१९ चं, इंग्रजीत २०२२ मध्ये आलं. अर्जेंटिनातली लष्करी राजवट, माणसं गायब होण्याचा काळ. हुआन नावाचा आजारी बाप लहानग्या गास्परला गाडीत घालून देशाच्या एका टोकाला निघालाय. हुआनच्या अंगातून अंधाराशी बोलणारा एक श्रीमंतांचा पंथ आहे, आणि त्यांना बापानंतर मुलगा हवाय. आता यातला अंधार भयंकर की बाहेरची राजवट? मला वाचताना दोन्ही वेगळं करता येईना. बाप मुलाला वाचवतो म्हणजे काय करतो, तर त्याला मारतो, तोडतो, दुखावतो. सहाशेच्या आसपास पानं आहेत. मधला मुलांच्या टोळीचा आणि पडक्या घराचा भाग इतका चांगला आहे की तो स्वतंत्र कादंबरी म्हणून चालला असता.

हे पुस्तक मी एका गृहस्थांना दिलं, ते आणीबाणीत तुरुंगात होते. परत करताना म्हणाले, 'यात भुतं नसती तरी चाललं असतं.' दुसऱ्या दिवशी एका कॉलेजच्या मुलाने तेच परत केलं आणि म्हणाला, 'मॅडम, भुतं फारच कमी आहेत.' दोघांनाही एकच परीक्षण कसं पुरणार? म्हणून मी आता पुस्तकाच्या आत चिठ्ठी ठेवते. एक ओळ पहिल्याची, एक दुसऱ्याची, नाव न घालता. परीक्षणापेक्षा त्या चिठ्ठ्या वाचून पुस्तकं जास्त जातात.

शेवंता७७ · रात्री ११:५२

कावळ्याची शाळा, स्वागत! पेन्सिलवाल्यांना तुम्ही अधिकृत दर्जा दिलात. वाचनखूण साठवली.

कंदीलवाला · ११ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

'किती दिवस' हे मी उचलतोय. आणि नियम सांगण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, डोंबिवली. राक्षसाचा नियम हा त्या जगाचा कायदा असतो. तो सांगितल्याशिवाय पुस्तक दुसऱ्यापेक्षा वेगळं कसं ते दाखवताच येत नाही.

मुक्काम_डोंबिवली · सकाळी ८:४०

माझंही बदललेलं नाही. पण पुस्तक मागवलंय. आता नियम माहीतच झालाय तर वाया कशाला घालवू?

पानगळ · सकाळी ९:०५

भारतातल्या फँटसीबद्दल कोणीच बोललं नाही. लेकीने मला ताशन मेहताचं 'मॅड सिस्टर्स ऑफ एसी' वाचायला लावलं. तिकडे २०२३ मध्ये आलं, इथे यंदा. मायंग आणि लाले या बहिणी एका अवाढव्य देवमाशाच्या पोटात राहतात, आणि त्या माशाच्या आत दालनामागून दालनं, प्रत्येकात वेगळं जग. एक बहीण बाहेर पडायचं ठरवते. कथानक विचाराल तर सांगता येणार नाही, आणि ते शोधत बसलात तर चिडाल. 'ऑनिक्स स्टॉर्म'च्या वेगाची सवय असेल तर पहिल्या पन्नास पानांत झोप येईल. मला दुसऱ्यांदा उचलल्यावर लागलं. बहिणींच्या भांडणाचा भाग वाचून मी नाशिकला धाकटीला फोन केला. सूचना : लहान मुलांवर संकटं नाहीत. मांजर आठवत नाही.

थिसिसग्रस्त · सकाळी ९:३०

मग माझंही एक, पानगळताईंच्या पद्धतीने. 'द टेंटेड कप', रॉबर्ट जॅक्सन बेनेट, यंदाचा ह्युगो, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीचा मोठा पुरस्कार, याला मिळाला. कोणासाठी : ज्यांना खुनाचा तपास आवडतो पण ड्रॅगनचा कंटाळा आलाय त्यांच्यासाठी. एका अधिकाऱ्याच्या शरीरातून झाड उगवून तो मेलाय. तपास करणारी बाई डोळ्यांना पट्टी बांधून बसते आणि तिचा तरुण मदतनीस पाहिलेलं काहीही विसरू शकत नाही. समुद्रातून दरवर्षी पावसाळ्यात महाकाय प्राणी येतात, त्यांना अडवायला भिंती आहेत, आणि त्या भिंतींचं सरकारी काम कोणाच्या खिशात जातं हे वाचताना फार परकं वाटत नाही. किती दिवस : एक रात्र, पण छान रात्र. मालिका : हो, दुसरा भाग आलाय, पण पहिल्याचा खून पहिल्यातच सुटतो.

वऱ्हाडी_ठेचा · सकाळी ९:३८

भिंतीचं टेंडर! घेतो मी.

म्हापशेकर · सकाळी १०:१०

बरं, किंगचं यंदाचं 'नेव्हर फ्लिंच' कोणी वाचलं?

शेवंता७७ · सकाळी १०:१४

वाचलं. त्याची खासगी गुप्तहेर हॉली गिब्नी आहे, म्हणजे गुन्हेकथा. भुतासाठी घेऊ नका. त्यापेक्षा त्याच्या मुलाचं घ्या. जो हिलचं 'किंग सॉरो', गेल्याच महिन्यात आलंय. कॉलेजातली पोरं एका ड्रॅगनला बोलावून बसतात आणि तो दरवर्षी एक बळी मागतो. वीट आहे वीट. मी अर्ध्यावर आहे, तेव्हा पुढचं कोणीही बोलायचं नाही.

मुक्काम_डोंबिवली · सकाळी १०:१६

दरवर्षी बळी मागतो, हा नियम फोडलात ना शेवंतातै!